एक पुडा आणि तेरा पानं

बातमी आली तेव्हा ऑफिसात लाइट नव्हती.
फादर विन्सेंट पिंटो दारात उभे,
मोबाइल छातीशी धरलेला,
काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा.
म्हणाले, भांडेकर, नोटीस काढा.

नोटिसा मी बावीस वर्षं काढतोय.
फीच्या, टँकरच्या, जातपडताळणीच्या तारखेच्या,
आणि दर चैत्रात एक:
कॅम्पसात मोहफुलं आणू नयेत, वाळवू नयेत.
पण ह्या वाक्याला क्रियापद सापडेना.
वारले, हे शेजाऱ्यासाठी.
दुःखद निधन, हे माजी आमदारासाठी.
कैलासवासी तर नाहीच.
सिस्टर अंजेला टोप्पो म्हणाल्या, प्रभूत विसावले लिहा.
फळ्यावर 'विसावले'च्या वेलांटीत खडू तुटला.
उरलेल्या तुकड्यानं लिहिलं,
वर्ग नाहीत. मेस चालू राहील.

दसरू उसेंडी घंटेच्या दोराशी.
किती वर्साचा होता बावा?
त्र्याऐंशी.
तेवढे टोले?
तेवढे.
दसरूला आकडे येतात,
पण हात त्याचा तेंदूच्या हिशेबानं चालतो:
सत्तर पानं झाली की पुडा,
आवळायचा, वाळत टाकायचा, दुसरा घ्यायचा.
सत्तराव्या टोल्याला तो थांबला.
खरंच थांबला. दोर सोडून
दोन्ही हातांनी हवेत गाठ मारली.
मग पुन्हा, एक.
बेचाळीस डिग्रीत, धानोऱ्याच्या रस्त्यापर्यंत,
तेरा सुटी पानं.

फोटो कॅलेंडरमधलाच होता, कापून लावला.
वाऱ्यानं उडालेली पांढरी टोपी
डोक्यावर दाबून धरताना ते हसताहेत,
डोळे मिटलेले.
आमच्यातल्या कुणीच त्यांना पाहिलं नव्हतं.
फादर एकदा त्या चौकात उभे होते म्हणे,
हजारोंत, खांबाच्या मागे.
दिसला तो फक्त हात.
काळं कापड शोधलं, मिळालं नाही.
मेसच्या सुभद्राबाईंनी छत्रीचं कापड
काड्यांपासून उसवून दिलं.
त्याला मागच्या पावसाचा वास होता.

फुलं कुठून आणायची ह्या दिवसांत?
बोगनवेल सुद्धा कागद झालेली.
दुसऱ्या दिवशी पहाटे, मिस्सेच्या आधी,
होस्टेलच्या पोरी ओट्यात काहीतरी भरून आल्या,
आणि फोटोपुढे ओतलं.
मोह.
ओला, पिवळट, रात्रीच गळलेला.
चॅपेलभर तो वास,
ज्याच्यासाठी मी बावीस नोटिसा काढल्या.
आम्ही सगळे फादरांकडे बघितलं.
त्यांनी एक फूल उचललं, नाकाशी नेलं,
आणि वाचायचं पान त्यांना बराच वेळ सापडेना.

मी मागच्या बाकावर बसतो.
गुडघे टेकत नाही, चपला काढतो.
तिथून ऐकू आलं, बी. ए. दुसऱ्या वर्षाची जैनी पदा
सिस्टरना हळूच विचारत होती:
त्यांचा दगड कुठं उभा करतील?
आमच्यात मोठा माणूस गेला की
रस्त्याकडेला दगड उभा करतात,
येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून.
सिस्टर अंजेला, ज्यांच्या गावात,
तिकडे जशपूरकडे, आजोबांचा तसाच दगड आहे,
म्हणाल्या, तिकडे सगळं दगडाचंच असतं गं.
मग म्हणाल्या, विचारून सांगते.
कुणाला विचारणार होत्या, देव जाणे.

संध्याकाळी फळा पुसायला गेलो
तर दसरू पायरीवर,
तळहाताला टोरीचं तेल चोळत.
दोरानं साल निघालेली.
म्हणाला, बाबू, तिकडं बी घंटा वाजली असन?
वाजली असेल.
वाजवणारा एकटाच असन का?
मला माहीत नव्हतं.
तेलाची बाटली त्यानं माझ्याकडे सरकवली,
उगाच.
मीही थोडं लावलं.